भिकुबाईच्या खळ्यातली पृथ्वी

दहा मिनिटं कुणी हलायचं नाही, असा हुकूम होता. ब्राह्मणपुरीत सगळं थांबलं. विहिरीवरची मोट थांबली, घराघरातली जाती थांबली, शाळेतले पाढेही थांबले. कोतवाल धुडकू एका कोंबड्याची चोच धरून बसला होता.

भिकुबाईच्या खळ्यात इंग्रजांच्या वेळचा मोजणीचा दगड होता. त्याच्या दोन बाजूंना दोन यंत्रं मांडली होती. एक फिनलंडच्या प्रोफेसरांचं, दुसरं दिल्लीच्या साहेबांचं. एकोणीसशे अठ्ठावन्नचा जानेवारी. साठेक देशांनी मिळून पृथ्वी तपासायला घेतली होती आणि त्या तपासणीत हे खळं आलं होतं. कुठल्या जागी पृथ्वी किती जोरात ओढते, ते ही यंत्रं सांगायची. यंत्रं इतकी नाजूक, की शंभर पावलांवरून बैल गेला तरी आतली बारीक रेघ थरथरायची. अडचण एकच होती. मुंबईपासून अकरा ठिकाणी मोजून झालं, पण दोन यंत्रांचा आकडा एकदाही जुळला नव्हता. त्याबद्दल दोघं एकमेकांशी फार नम्रपणे बोलायचे. जेवायला मात्र वेगळे बसायचे.

दगडाभोवती खळंभर भिकुबाईची मिरची वाळत पडली होती. लालभडक, बारा पोत्यांची. वर्षाचं पीक तेवढंच. आणि तापीकडून अवकाळी पावसाचं काळं आभाळ चढत होतं.

भिकुबाईने पाटी उचलली. पोलीस पाटील पितांबरअप्पा चवड्यांवर चालत आडवे आले.

"काकू, धा मिनिट थांब. साहेब लोक धरतीनं वजन करी ऱ्हायनात."

"मंग मन्ही मिरची काय आभायमा शे? ती बी धरतीवरच पडेल शे. तिन्हासंगे मोजी टाका म्हणा."

अप्पांनी देशाच्या अब्रूचं सांगून पाहिलं. भिकुबाई म्हणाली, भिजलेली मिरची अब्रूवर विकून देणारा व्यापारी अप्पांच्या ओळखीत असेल तर ती थांबते. अप्पांच्या ओळखीत तसा कुणी नव्हता.

तिने कुडावरून हाक दिली. मंगलाबाई आली, वत्सलाबाई आली, मग गल्लीच रिकामी झाली. तीसेक बाया पाट्या घेऊन खळ्यात शिरल्या आणि मिरची भरभर ओढायला लागल्या. लाल धूळ उठली. प्रोफेसरांचा डोळा यंत्राच्या भोकाला लावलेला होता. ते एकदम सात वेळा शिंकले. फिनलंडमध्ये इतकी मोठी शिंक नसावी, कारण सातवीनंतर त्यांनी घाबरून स्वतःच्या छातीला हात लावला. दिल्लीच्या साहेबांनी चौथ्या शिंकेपर्यंत सरकारी इभ्रत टिकवली. पुढे तीही गेली.

तरी काम थांबलं नाही. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाक गळतंय, अशा अवस्थेत दोघांनी आपापला आकडा ओरडून सांगितला. साहेबांच्या कारकुनाने दोन्ही लिहून घेतले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

आकडे जुळले होते. दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत.

घाईघाईने दुसऱ्यांदा मोजलं. बाया पाट्या भरून ये-जा करतच होत्या. पुन्हा जुळले. प्रोफेसरांनी साहेबांना मिठी मारली. साहेबांनीही मारली, पण आधी रुमालाने नाक पुसलं.

नियम तीन मोजण्यांचा होता. तोवर शेवटची पाटी घरात गेली. बाया लुगडी झटकून बाजूला झाल्या, धूळ खाली बसली, खळं शांत झालं. तिसऱ्यांदा मोजलं. प्रोफेसरांचा आकडा एक, साहेबांचा दुसरा.

साहेब पळतच अप्पांकडे आले. बायांना पुन्हा चालायला सांगा, म्हणाले. मघासारखंच. रिकाम्या पाट्या चालणार नाहीत, मिरची पुन्हा पसरून मग ओढायची. शास्त्रात परिस्थिती बदलून चालत नाही. अप्पांनी चाचरत विचारलं, मघाशी तर हलू नका म्हणत होतात? साहेब म्हणाले, ते मघाशी.

पहिले टपोरे थेंब पडले. प्रोफेसर टोपी काढून भिकुबाईच्या दारात उभे राहिले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत बराच वेळ बोलले, मधेमधे शिंकत. साहेबांनी ते हिंदीत सांगितलं, अप्पांनी अहिराणीत. फक्त एकदा, काकू. साठ देश वाट बघताहेत.

भिकुबाई शेवटच्या पोत्याचं तोंड सुतळीने शिवत होती. टाका ओढून तिने गाठ मारली आणि मग वर पाहिलं.

"मन्ही मिरची घरमा गयी, अप्पा. आते धरती तुमनी."