ओरखडा

वीज तोडून खटक्याला स्वतःचं कुलूप लावल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, हा जर्मनीतल्या आमच्या हाइलब्रॉनच्या कारखान्याचा शिरस्ता. तो पाळूनच मी बाटल्या उचलणाऱ्या यंत्राच्या सर्वो मोटरची, दांड्याची जागा लक्षात ठेवणारी बॅटरी बदलली, आणि मोटर सुरुवातीची जागाच विसरली. एक वाजता पाळी सुरू होणार होती. मी चौथ्यांदा घड्याळ पाहून हेच यंत्र वर्षानुवर्षं सांभाळून निवृत्त झालेल्या ओटमारना फोन लावला. “वीज बंद करून बदललीस?” ते जेवणाचा घास चघळत हसले. “ही एकच बॅटरी वीज चालू ठेवून बदलायची असते, शहाणे. आता मोटरच्या दांड्यावर मी खुणेसाठी केलेला ओरखडा शोध. तो वरच्या बाणासमोर आण, तीच जागा.” मी विजेरी धरून वाकले. त्यांच्या निरोपाच्या फोटोत यंत्र छान दिसावं म्हणून मीच तो दांडा घासून लखलखीत केला होता. “दिसला का?” त्यांनी विचारलं. दांड्यात माझा चेहरा तेवढा दिसत होता.