कल कळला

अमेरिकेच्या निवडणुकीचा नकाशा लाल होत चालला तसा सुभाषचंद्रांचा चेहरा उतरत गेला. सकाळी चहाचा कप घेऊन ते टीव्हीसमोर बसले, ते आंघोळीलाही उठले नव्हते. मराठी वाहिनीवरची मुलगी हसतमुखाने सांगत होती की पहिले कल हाती येत आहेत. कल म्हणजे कोणाचं पारडं जड होतंय ते. आणि जड होत होतं ते नेमकं नको त्याचं.

झाशीच्या नगरा भागात राहणाऱ्या या निवृत्त इंजिनियरला आपल्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक कोण, हे सांगता आलं नसतं. पण पेनसिल्व्हेनियाच्या कुठल्या कोपऱ्यात कोण पुढे राहील, हे त्यांना तोंडपाठ होतं. वर्षभर शेजारच्या दुबेजींशी कुंपणावरून त्यांचा याच विषयावर वाद चालला होता. दुबेजी तिकडच्या लाल पक्षाचे, हे निळ्या पक्षाचे. दोघांनाही तिथे मत एकही नाही, आणि मतं मात्र ढीगभर.

दुबेजींचं वेड निदान हौसेपोटी होतं. सुभाषचंद्रांची एकुलती एक लेक, इरा, तिकडे नोकरीला होती. निळे आले तर तिचा व्हिसा वाढेल, लाल आले तर पोरीला गाशा गुंडाळावा लागेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तिला तिथेच राहायचंय, हेही त्यांनीच ठरवलं होतं. तिचं मन मोडू नये म्हणून ते परक्यांच्या निवडणुकीसाठी देव पाण्यात घालून बसले होते. खरं तर जेवायला बसलं की त्यांना रोज वाटायचं, ती इथे हवी होती. पण हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

बायको, तारा, स्वयंपाकघरात बेसन भाजत होती. दिवाळी होऊन गेली, आता लाडू कसले, असं त्यांनी चिडून विचारलं. लागतात घरात, एवढं म्हणून ती कढईकडे वळली. इथे लेकीच्या नशिबाचा निकाल लागतोय आणि हिला लाडू सुचतायत, या विचाराने त्यांचं डोकं आणखीच तापलं.

थोड्या वेळाने आणखी दोन राज्यं लाल झाली. आता आशा नाही, हे त्यांना कळून चुकलं. इराला फोन करायचा धीर होईना. तिकडे रात्र असेल, पोर एकटीच रडत बसली असेल. शेवटी त्यांनी मोबाइलवर एवढंच लिहिलं, 'कल कळला. काळजी करू नकोस. आम्ही आहोत.'

उत्तर लगेच आलं. 'आईने सांगितलं ना? सांगू नकोस म्हणून मी तिला दोनदा बजावलं होतं.'

त्यांनी ते परत वाचलं. टीव्हीवर अख्ख्या जगाला दिसणारा कल सांगायला तारा कशाला लागते? आणि ती तर सकाळपासून टीव्हीकडे फिरकलीसुद्धा नव्हती. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इरा झाशीत वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी सगळं समजायचं, पण बोलायला लागली की तिच्या 'काल'चाही कल व्हायचा आणि 'उद्या'चाही. लहानपणी यावरून ते तिची किती चेष्टा करायचे.

त्यांनी फोन लावला. तिकडून मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"कुठला कल गं, इरा? गेलेला की येणारा?"

"येणारा, बाबा." ती हसली. "नोकरी सोडली मी. कल घरी पोचते, कायमची. इथे मन लागतच नव्हतं माझं. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, थांब, निळे जिंकतायत."

ते अगदी तसंच म्हणाले असते. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तिला स्वेटर हाताशी ठेवायला सांगितलं, इकडे सकाळी गार असतं म्हणून. फोन ठेवला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन टीव्ही बंद केला. मोजणी अजून बरीच बाकी होती, पण आता तिकडे कोणीही जिंको.

स्वयंपाकघरात तारा लाडू वळत होती. कळलं वाटतं, असं ती मान वर न करता म्हणाली. त्यांनी हात धुतले आणि तिच्याशेजारी बसून दोन-चार वेडेवाकडे लाडू वळले.

तेवढ्यात दुबेजींनी कुंपणावरून हाक मारली. आपकेवाले तो गए, भाईसाहब, असं म्हणताना त्यांचा आनंद मिशीत मावत नव्हता. सुभाषचंद्र लाडवांची ताटली घेऊनच बाहेर गेले. दुबेजींनी ताटलीकडे संशयाने पाहिलं आणि आपल्या बुंदेली वळणाच्या हिंदीत विचारलं,

"हारने पर लड्डू? जे किस बात के हैं?"

"कल के हैं, दुबेजी."

दुबेजींनी एक लाडू उचलून बोटांनी दाबून पाहिला.

"कल के? पर जे तो अभी गरम हैं."