साफसफाई

घरातला पंखा मी कधी पुसला नाही, पण बाबांचा आवडता जुना सिनेमा आठ महिने कॉम्प्युटरवर पुसत बसलो. चित्रावरचे ओरखडे काढले, आवाजातली खरखर काढली. कोर्टाच्या सीनमध्ये मागे कुणी गाढव खोकलं होतं, तेही साफ केलं.

बाबांच्या वाढदिवसाला माझी कर्तबगारी दाखवायला सगळ्या घराला टीव्हीसमोर बसवलं. कोर्टाचा सीन येताच बाबा सावरून बसले.

"आजवर कुणाला बोललो नाही, पण यात माझंही काम आहे. नीट लक्ष द्या."

सीन संपला.

"दादा, तू तर कुठेच दिसला नाहीस!" आत्या म्हणाली.



"दिसत नव्हतोच गं," बाबा रिमोट शोधत म्हणाले, "खोकत होतो."