टेहळणी

मनोऱ्याचा जिना नत्थू कठड्याला हात न लावता चढला. मघाशी जीपमधून उतरताना गुडघा धरून कण्हणारा माणूस तो हाच, हे त्याच्या बायकोला, तानाबाईला, खरं वाटेना. ती धापा टाकत वर पोचली तेव्हा तो कठड्याशी उभा होता आणि डोळ्यांवर आडवा हात धरून खालच्या सागाच्या जंगलाकडे पाहत होता.

सोनटेक डोंगरावरचा हा दगडी मनोरा इंग्रजांच्या काळातला. वणवा पेटला की धूर लांबून दिसावा म्हणून बांधलेला. वनमजूर असलेल्या नत्थूनं आयुष्यातले सगळे उन्हाळे इथं काढले होते. होळीच्या आधी तो वर चढायचा आणि पाऊस लागल्यावरच घरी यायचा. आता आगीची खबर उपग्रहावरून मोबाइलवर येते. वनखात्यानं मनोऱ्याची डागडुजी करून तो मुक्कामी पाहुण्यांसाठी उघडला होता. पुण्यात नोकरीला असलेल्या रत्नदीपनं आईबाबांसाठी तिथला एका रात्रीचा मुक्काम बुक केला होता. नत्थू यायला तयार नव्हता. तानाबाईनंच त्याला ओढून आणलं.

रिटायर झाल्यापासून तो घरात असून नसल्यासारखा झाला होता. जेवायचा, ओट्यावर बसायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. कारंज्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. पोराची आठवण येत असेल, असं तानाबाईनं धरून चाललं. तिचं स्वतःचं दुखणं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती याच दिवसांची वाट पाहत आली होती. भर उन्हाळ्यात रत्नदीप तापानं फणफणला तेव्हा ती एकटी होती. सासू गेली तेव्हाही एकटीच. रात्री ती अंगणात खाट टाकायची आणि डोंगराकडे तोंड करून निजायची. तिकडे तोही आपल्यासारखाच तळमळत असेल, असं मनाशी म्हटलं की तिला झोप यायची. आता माणूस घरी आला होता. वाट पाहणं काही संपलं नव्हतं.

मनोऱ्यावर त्या संध्याकाळी नत्थू बोलत सुटला.

"थे पाह्य, वाघझरी. तिच्या मांगं हत्तीखुटा. एका साली त्या खोऱ्यात असा वणवा लागला का वानरं या जिन्यावर येऊन बसले! एक बुढं वानर तं माह्या खाटेखाली घुसलं."

तो हसला. वर्षभरात तो असा हसलेला तिनं पाहिला नव्हता. बांधून आणलेल्या भाकरी त्यानं मागून मागून खाल्ल्या. अंथरुणाला पाठ लागताच त्याला झोप लागली. घरी तो कोंबडा आरवेपर्यंत कूस बदलत असे. तानाबाई त्याच्या घोरण्याकडे कान देऊन पडून राहिली. तिला बरंही वाटत होतं आणि कसंसंही होत होतं.

सकाळी वनरक्षक माधवी थर्मासमध्ये चहा घेऊन आली. नत्थू खाली झऱ्यावर तोंड धुवायला गेला होता. तो नाही हे पाहून माधवी हळूच म्हणाली, "मावशी, काकाले तुमीच समजवा. पाहुण्यांसाठी इथं कायम रायणारा माणूस पाह्यजे. साहेबानं निरोपावर निरोप धाडले. काका नाईच म्हणते."

"काऊन?"

"म्हणते, घरी ती एकटी हाय. जलमभर एकटीच राह्यली."

तानाबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. इथं बसून तोही आपल्या घराकडे पाहत होता. तिला वाटलं, सगळे उन्हाळे आज एकदम फिटले.

नत्थू वर आला, तशी ती लगबगीनं कठड्याशी गेली. नव्या नवरीसारखी लाजत तिनं विचारलं, "अवो, इथून आपलं घर कुठं दिसते?"

नत्थूनं समोर पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. मान पुढे काढून बराच वेळ शोधलं आणि शेवटी लांबच्या काही पत्र्यांकडे बोट केलं.

"थे असन."

ते त्यांचं गाव नव्हतं. त्यांचं गाव त्याच्या पाठीमागे होतं. विहाराशेजारची पांढरी टाकी कोवळ्या उन्हात लख्ख दिसत होती.

"थे आपलं गाव नाई," ती म्हणाली.

नत्थू ओशाळला. बायकोशी तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता. "गावाकडच्या अंगाले आपलं जंगल नाई ना," तो म्हणाला. "तिकडं पाहाचं कामच नव्हतं."

माधवी उगाचच कप गोळा करू लागली.

तानाबाई वळून पिशवीपाशी गेली. मग तिनं आपलं लुगडं घडी करून पिशवीत भरलं. त्याचं धोतर आणि सदरा मात्र पिशवीतून काढून खुंटीला अडकवला.

"माधवी, साहेबाले सांगजो, माणूस भेटला म्हणून."

"अन् तू?" नत्थूनं घाबरून विचारलं. पण त्याचा चेहरा उजळलेला तिला दिसला.

"मी घरीच राहीन. ढोरं कोण पाह्यीन? मले सवय हाय."

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि जिन्यापर्यंत गेली. तिथून परत आली. दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून तिनं त्याला जंगलाकडून फिरवलं.

"थे पांढरी टाकी दिसते? तिच्या उजव्या अंगाले आपलं घर. रोज सांजच्याले इकडं पाहाचं. आता हेबी तुमचं काम."