लेन्सवरचं बटण

कळंबच्या सोमलिंगअप्पांचे हात थरथरायचे. निम्मा चहा धोतरावर. विरंगुळा म्हणून पुण्याहून लेकानं, श्रीशैलनं, हातभर लांब झूम लेन्सचा कॅमेरा पाठवला. अप्पांनी तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा बगळा टिपला, चोचीतल्या माशाच्या डोळ्यासकट.

"हात थांबले की अप्पा! मग डॉक्टरकडं न्यायला यायची घाई न्हाय," धाडलेला फोटो बघून श्रीशैल फोनवर म्हणाला.

अप्पांच्या पत्नी शिवगंगाबाई दिवसभर आत-बाहेर करत राहिल्या. "ह्ये बटण कशाचं हो?"

"हात हलला तरी फोटो हलू देत न्हाय."

दुसऱ्या दिवशी फोटोत एका बगळ्याचे सात बगळे आले. "बघतो, शनिवारी यायला जमतंय का," तो फोटो बघून श्रीशैल म्हणाला.

"लेन्स बिघडली गं!"

"बिघडली न्हाय. म्याच बटण बंद केलंय."

अप्पांनी कॅमेरा उचलला. म्हणाले, "उभी ऱ्हा. तुझा बी एक हलवून काढतो."