बावन्न किलोचा भोपळा

“गेला का हात कोपरापतुर?” रुद्रप्पाने बांधावरूनच विचारलं.

“गेला की.” त्याच्या बायकोने, धनलक्ष्मीने मातीतून हात उपसला.

“खांद्यापतुर जाया पायजे. आजून लेंडीखत घाल.”

भोपळ्याला एवढी मऊ माती कशाला लागते, हे तिला कळत नव्हतं. मंद्रूपच्या त्यांच्या रानात दोन फुटांवर मुरूम लागायचा. रुद्रप्पाने मात्र उन्हाळाभर एकट्याने खणून घरामागे छातीएवढा खड्डा केला होता. खोकल्याची उबळ आली की तो खड्ड्यातच मांडी घालून बसायचा आणि बसल्या बसल्या हाताने तळ सारखा करायचा. सोलापूरच्या दवाखान्यातून आल्यापासून तो खोकला हटला नव्हता. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, की “सर्दी हाय” एवढंच सांगायचा.

मग राख, वाळू, पालापाचोळा आणि लेंडीखत घालून त्याने खड्डा भरला. वर आळं करून विलायती भोपळ्याचं बी लावलं.

गावाने चेष्टा केली, पण लांबून. तीन वर्षं त्यांच्याशी कोणी बोलतच नव्हतं. रुद्रप्पाच्या पुतण्याने बायकोला विहिरीत ढकललं, ते रुद्रप्पाने पाहिलं आणि कोर्टात तसंच सांगितलं. पुतण्या तुरुंगात गेला. भावकीने यांचं दार सोडलं आणि भावकीच्या धाकाने गावानेही. खरं बोलावं असं सगळेच सांगतात, पण बोललेल्याच्या घरी चहाला कोणी येत नाही. गेल्या वैशाखात रुद्रप्पाची आई, अव्वा वारली, तेव्हा त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून पुरायला, मूठमातीला चार माणसं मिळावीत म्हणून धनलक्ष्मी अकरा दारं फिरली होती. अकराही लागलेली राहिली.

आता तिला या भोपळ्याची आशा होती. मार्गशीर्षात मंद्रूपला कृषी प्रदर्शन भरणार होतं. पहिला नंबर आला तर कर्ण्यावर रुद्रप्पाचं नाव पुकारतील, मग गावाला कान झाकता येणार नाहीत. कदाचित कोणी ‘काय वहिनी, कसं केलं?’ असंही विचारेल. तेवढ्या एका वाक्यासाठी ती वेलामागे राबली. एकच फळ ठेवून बाकीची खुडली, खाली पेंढा पसरला, उन्हात गोणपाट टाकलं. भोपळा फुगतच गेला. नवरा मात्र वाळत गेला.

कार्तिकात सांगोल्याचा बिरुदेव खतासाठी रानात मेंढरं बसवायला आला. परगावचा मेंढपाळ, त्याला भावकीचं भय नव्हतं. नुसतं बघून तो बकऱ्याचं वजन सांगायचा.

“पन्नाशी गाठलीय बगा,” भोपळ्याभोवती फिरून तो म्हणाला. “पंधरा दिसांत सत्तर व्हतोय. नंबर तुमचाच, वैनी.”

धनलक्ष्मी कितीतरी दिवसांनी हसली.

रुद्रप्पाने कमरेचा विळा काढला आणि देठ कापला.

“आवो, काय केलंसा हे!” ती ओरडली.

“तोल रं,” रुद्रप्पाने बिरुदेवला सांगितलं.

बिरुदेवच्या बकरी तोलायच्या काट्यावर भोपळा बावन्न किलो भरला. रुद्रप्पाने मान हलवली.

“आता घरात नेऊन माज्या खाटंवर ठेव. आन् तू लिंबाखाली बस.”

बिरुदेवने ठेवला. रुद्रप्पाने खाटेजवळ जाडजूड सोलापुरी चादर पसरली आणि बायकोकडे वळला.

“आता तू एकटीनं ह्यो आळ्यापतुर न्यायाचा.”

तिला रडू फुटलं होतं आणि रागही आला होता. त्या रागातच तिने भोपळा चादरीवर ओढला, टोकांची गाठ मारली. उंबऱ्याला दोनदा अडकला. अंगणात ती गुडघ्यावर पडली, तळहात सोलले. बिरुदेव धावला.

“हात लावू नगं!” रुद्रप्पा ओरडला आणि खोकत भिंतीला टेकला.

“मानूस हायसा का कोन!” बिरुदेव बोलला आणि तोंड फिरवून मेंढरांकडे निघून गेला.

तीस पावलं. वाटेत ती सहा वेळा थांबली. आळ्याशी पोचली तेव्हा नवऱ्याने घमेलं पुढे केलं.

“वेल उपट. माती काढ.”

एवढे दिवस जपलेला वेल तिने मुळासकट उपटला. माती हाताच्या रेट्यानेच निघत होती, कुदळ लागलीच नाही. दुपार कलेपर्यंत ती छातीएवढ्या खोल खड्ड्यात उभी होती. मग वर येऊन तिने भोपळा आत लोटला आणि कडेला फतकल मारून बसली. इतक्या वर्षांत तिला या माणसाचा असा तिटकारा कधी आला नव्हता.

रुद्रप्पा हळूहळू येऊन तिच्याशेजारी टेकला. पदराच्या टोकाने तिच्या हाताची माती पुसली.

“कुनाची गरज लागली न्हाय बग,” तो म्हणाला. “दवाखान्यातल्या काट्यावर मी एकावन्न भरलो. माज्या येळंला कुनाच्या दारात हात जोडू नगं.”