दगडूचं नाक

प्रोपेन गॅसच्या वॅगनीच्या चाकांखाली ठोकळे सारून झाले होते, अर्थिंगची तारही लागली होती. दगडूचं नाक मात्र व्हॉल्व्हपाशी थांबलंच नाही. ते वळून वॅगन तपासणाऱ्या कौतिकाच्या केसांपाशी आलं आणि गळती नसल्याचा हिरवा दिवा लागला.

दगडू तिचा नवरा. प्रोपेनची गळती त्याच्याइतकी लवकर कुणालाच कळत नसे, म्हणून त्याच्या शेवटच्या आजारपणात कंपनीनं त्याची वासाची जाण उतरवून या यंत्राच्या सोंडेत भरली. कौतिकाच्या केसांना नागरमोथ्याचा वास आला की सोंड तिच्याकडे वळायची. तीही मुद्दाम लावून यायची.

"हिरवा लागला, नळी जोडा," सुपरवायझर इंगळे म्हणाले.

"थांबा भाऊजी, साबणपाणी राहिलंय."

नाकावर विसंबू नकोस, फेस बघ, हे दगडूनंच तिला शिकवलं होतं. तिनं ब्रश फिरवला. व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे फुगू लागले. नट आवळल्यावर ते थांबले.

इंगळ्यांनी घाम पुसला. "या नाकाला झालं तरी काय?"

"त्याला माझा वास येतो," कौतिका म्हणाली. "यंत्रातून तेवढा पुसून टाका."

"वहिनी, अहो..."

"रुळापलीकडे वस्ती आहे, भाऊजी."

दुसऱ्या दिवशीही ती नागरमोथा लावूनच आली. एकेक सांधा हुंगत सोंड तिच्यापर्यंत पोचली आणि जराही न थांबता पुढच्या वॅगनीकडे गेली. कौतिकानं साबणपाण्याची बादली उचलली आणि ती सोंडेमागून चालू लागली.